आजचं चिंतन : गीता ५.१८ आणि मागच्या गेटवरचा बिबट्या



आठवडाभर आपण पाचव्या अध्यायात आहोत आणि आज अठरावा श्लोक आला. खरं सांगतो, हा श्लोक मी गेल्या वर्षी लिहायला घेतला असता तर दहा ओळीत उरकला असता. सोपा वाटतो. भगवंत पाच जणांची नावं घेतात: विद्या आणि विनय असलेला ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि श्वपाक, म्हणजे ज्याला गावाने वेशीबाहेर ठेवलं तो माणूस. ज्ञानी लोक या पाचांकडे सारख्याच दृष्टीने पाहतात, असं म्हणतात. संपलं. "सगळ्यांत देव बघा" असं लिहून, खाली हात जोडलेला इमोजी टाकून मी पुढच्या श्लोकावर गेलो असतो.

पण या वर्षी गणपतीत आमच्या सोसायटीच्या मागच्या गेटवर बिबट्या आला. आणि तो का आला, याचं उत्तर शोधायला गेल्यावर वाट माझ्याच हातापर्यंत आली. म्हणून आज जरा लांबड लागणार आहे. चहा घेऊन बसा.

आम्ही गोरेगाव पूर्वेला राहतो, आरेच्या बाजूला. अकरावा मजला. बाल्कनीतून हिरवंगार दिसतं, ब्रोशरमध्ये त्याचेच जास्तीचे पैसे लावलेले होते. इमारतीच्या मागे कंपाउंडची भिंत, भिंतीत एक छोटं लोखंडी गेट, आणि गेटच्या पलीकडे पायवाट. ती पायवाट खालच्या वस्तीत जाते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी, वॉचमन, गाड्या धुणारी मुलं, सगळे त्याच वाटेने येतात. आम्ही राहायला आलो तेव्हापासून मी त्या गेटमधून फार तर दोनदा बाहेर पडलो असेन.

पाचव्या दिवशी सोसायटीचा महाप्रसाद होता. दोनशे माणसांचा अंदाज, आली दीडशे. पुलाव उरला, पुऱ्या उरल्या, बटाट्याची भाजी मोठं पातेलंभर उरली. रात्रीचे साडेअकरा वाजलेले, सगळे दमलेले. वाढप्यांमध्ये मी होतो. मीच म्हणालो, अन्न फेकायचं कशाला, मागच्या गेटबाहेर ठेवू, कुत्र्यांना होईल. पत्रावळ्यांसकट ठेवलं. आणि तेव्हा मला मनापासून छान वाटलं होतं, हे कबूल करतो. नामदेव महाराजांची गोष्ट आठवली. कुत्र्याने भाकरी पळवली आणि महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, की बाबा रे, कोरडी नको खाऊस. मी पत्रावळ्यांचा फोटो काढला आणि स्टेटसला ठेवला. वर लिहिलं, "नामदेवांचा वारसा".

असं तीन रात्री चाललं. रोज कुणाकडे तरी काहीतरी उरायचंच. तिसऱ्या रात्री गेटबाहेर आठ-दहा कुत्री जमली होती.

चौथ्या रात्री दोन वाजून काही मिनिटांनी सीसीटीव्हीत तो दिसतो. भिंतीवरून नाही, झाडीतूनही नाही, तर पायवाटेवरून, अगदी ओळखीच्या रस्त्याने यावा तसा चालत. कुत्री भुंकत पांगतात. एक मागे राहतं. पुढचे चार सेकंद मी इथे लिहीत नाही.

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर तीनशे मेसेज. एक गट म्हणत होता, ताबडतोब पिंजरा लावा, फटाके फोडा, आमची मुलं खाली खेळतात. दुसरा गट व्हिडिओला हार्ट देत होता. मी दुसऱ्या गटात. नवरात्र तोंडावर आलेलं, म्हणून मी लिहिलं, "देवीचं वाहन दारी आलं. दर्शन झालं." अठ्ठावन्न लाइक. (हा आकडा मला अजून पाठ आहे, यावरून माझ्या वैराग्याची पातळी ओळखा.)

दहाच्या सुमाराला मावशी आल्या. रोज सहाला येतात. मी उत्साहाने त्यांना व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो पूर्ण पाहिलाही नाही. म्हणाल्या, "दादा, तुम्हाला दर्शन झालं. आम्हाला त्याच वाटेनं यायचं असतं." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि ते खाणं तुम्ही टाकता नं तिकडे? मी वॉचमनला दोनदा सांगितलं, तिथं नका टाकू. माझी पोरगी सकाळी त्याच बाजूनं संडासला जाते."

मी गप्प.

आता श्लोकाकडे परत येऊ, कारण माझी चूक नेमकी तिथे दिसते. त्या पाचांची यादी पुन्हा वाचा. मी कुत्र्यात देव पाहिला. बिबट्या यादीत नाही, तरी त्यालाही स्वतःहून जोडून घेतलं. गाय, हत्ती यांच्याबद्दल तर प्रश्नच नव्हता. पण पाचवा? वेशीबाहेरचा माणूस? भिंतीपलीकडच्या वाटेने पहाटे अंधारात चालणारी एक बाई आणि तिची आठ वर्षांची मुलगी, या दोघी माझ्या समदर्शनात कुठेच नव्हत्या. अकराव्या मजल्यावरून बिबट्यात देव बघायला काय लागतं? लिफ्ट चालू असली की झालं.

परंपरेत इथे एक भेद आवर्जून सांगतात: श्लोकात समदर्शन आहे, समवर्तन नाही. पाहणं सारखं, वागणं ज्याचं त्याला साजेसं. गाईसमोर चारा ठेवाल, तो हत्तीच्या पायाखाली जाऊन ठेवणार नाही. श्री रामकृष्ण परमहंस हेच एका गोष्टीतून सांगत. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल, तरी माझ्या शब्दांत सांगतो.

एका गुरूने शिष्यांना शिकवलं की सगळं नारायणच आहे. एक शिष्य होमासाठी लाकडं आणायला रानात गेला. समोरून पिसाळलेला हत्ती धावत येत होता, वर बसलेला माहूत ओरडत होता, बाजूला व्हा, बाजूला व्हा. बाकीचे पळाले. हा उभाच राहिला. मनात म्हणाला, हत्तीही नारायण, मीही नारायण, मग पळायचं कशाला? हात जोडून स्तुती म्हणू लागला. हत्तीने सोंडेत धरून फेकून दिला. शुद्धीवर आल्यावर गुरूंनी विचारलं, तेव्हा त्याने सगळा विचार सांगितला. गुरू म्हणाले, बाळा, हत्ती नारायण येत होता हे खरं. पण माहूत नारायण तुला बाजूला हो म्हणून सांगत होता, त्याचं का नाही ऐकलंस? रामकृष्ण असंही सांगत की वाघातही देव आहे, पण म्हणून वाघाला मिठी मारायला जायचं नसतं.

ही गोष्ट मी कॉलेजपासून ऐकतोय. पण माझा माहूत रोज सकाळी सहाला माझ्याच घराची बेल वाजवतो, हे मला या भाद्रपदात कळलं.

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. वाचलं, लोकांना विचारलं. ऑफिसमध्ये सिस्टिम कोसळली की आपण मूळ कारण शोधतो, तसं. जे समजलं ते सांगतो.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान साधारण १०४ चौरस किलोमीटर आहे आणि मुंबई-ठाण्याने वेढलेलं. २०१५ मध्ये कॅमेरे लावून उद्यान आणि आरेच्या परिसरात मोजणी झाली, तेव्हा ३५ बिबटे मोजले गेले. म्हणजे बिबट्या "शहरात घुसला" हे वाक्यच चुकीचं. तो इथलाच. आपल्या इमारती त्याच्या रोजच्या फिरण्याच्या वाटेवर आल्या. तो जंगलात हरणं, रानडुकरं खातो आणि जंगलाच्या कडेला कुत्री. कुत्री कशावर जगतात? आपल्या कचऱ्यावर, हॉटेलांच्या मागच्या ढिगांवर, आणि माझ्यासारख्यांच्या पुण्यावर. कचरा, कुत्री, बिबट्या. साखळी इतकी सरळ आहे की शाळेतलं पोर काढून दाखवेल. मी स्वतः तीन रात्री गेटवर ताट वाढून ठेवलं होतं, फक्त पाहुणा दुसराच आला.

पिंजऱ्याचंही बघितलं, कारण ग्रुपवर तीच मागणी सगळ्यात मोठी होती. आईचं माहेर जुन्नरकडचं, तिथे उसात बिबट्याची पिल्लं सापडणं ही आता बातमीही राहिलेली नाही. मामांना फोन केला. ते म्हणाले, "धरून नेला की दुसरा येतोय. अन् नेलेला जिथं सोडतील तिथं गोंधळ घालतोय." मामांचं गावरान निरीक्षण आणि विद्या अत्रेय यांनी जुन्नर भागात केलेला अभ्यास यांत फार अंतर नाही. तिथून पकडलेले बिबटे दुसऱ्या रानांत नेऊन सोडायला लागल्यावर माणसांवरचे हल्ले कमी न होता वाढले, असं त्या अभ्यासात दिसलं. मुंबईतही २००२ ते २००४ हा काळ फार वाईट गेला, आणि बाहेरून आणून सोडलेल्या बिबट्यांशी अभ्यासक त्याचा संबंध जोडतात. बिबट्याचा स्वतःचा इलाका असतो. जागा रिकामी झाली की तरुण, अननुभवी जनावर तिथे येतं, आणि उचलून नेलेलं जनावर अनोळखी ठिकाणी भेदरलेलं असतं. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रोसेस किल केली, पण जी स्क्रिप्ट ती पुन्हा सुरू करते ती तशीच चालू ठेवली. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे, कुणी ग्रुपवर ठराव केला म्हणून पिंजरा लागत नाही. माणसावर हल्ले होऊ लागले तर वनविभाग रीतसर परवानगीने पकडतो, आणि तेव्हा पकडायलाच हवं. त्यात भूतदयेचा भंग वगैरे काही नाही.

कारण हल्ले होतात. इथे मला माझ्या हार्टवाल्या गटाशी बोलायचंय. २०२२ च्या दिवाळीत, ऐन सणाच्या पहाटे, आरेमध्ये दीड वर्षाचीही न झालेली एक मुलगी बिबट्याच्या हल्ल्यात गेली. त्या दिवशी आम्ही इकडे किल्ला आणि फराळाचे फोटो टाकत होतो. बिबट्या साधारणपणे माणसाला टाळतो, हे खरंच आहे. इतकी वर्षं इतके बिबटे इतक्या माणसांशेजारी राहतात, त्याशिवाय जमलंच नसतं. पण अंधारात एकटं चालणारं लहान मूल, किंवा उघड्यावर बसलेलं माणूस, त्याच्या उंचीला येतं. आणि मुंबईत अंधारात उघड्यावर कुणाला बसावं लागतं हे मी सांगायला नको. अकराव्या मजल्यावरच्या भक्ताला तर नक्कीच नाही. "आम्ही बिबट्यांसोबत आनंदाने राहतो" असं सोसायटीच्या नावाने लिहिताना, त्या आनंदाची किंमत भिंतीपलीकडे कोण चुकवतंय, हे बघायला हवं.

आरे आणि उद्यानातल्या वारली पाड्यांवर वाघोबाची पूजा होते. दगडात किंवा लाकडात कोरलेला वाघ, बऱ्याचदा वर चंद्र-सूर्य. मुंबई उपनगर, ठाणे, पालघर या भागात वाघोबाची दीडशेहून जास्त स्थानं अभ्यासकांनी नोंदवली आहेत, आणि त्यांचा वाघोबा म्हणजे वाघ आणि बिबट्या दोन्ही. मला यात सगळ्यात भावलं ते असं, की हे प्रेम आंधळं नाही. वाघोबा राखतो, पण त्याचा मान ठेवावा लागतो, मान चुकला तर तो कोपतो, असं मानतात. म्हणजे भीती आहे, नातं आहे आणि मधे अंतर आहे. माझ्या "देवीचं वाहन दारी आलं" मध्ये यातलं काहीच नव्हतं. फक्त झूम होता.

आता तुमच्यापैकी जे ठाण्याला येऊरच्या पायथ्याशी, मुलुंडला, बोरिवलीला, किंवा पुण्यात टेकडीकडेच्या सोसायट्यांत राहता, त्यांच्यासाठी थोडं कामाचं. बिबट्या दिसला तर थांबा, पळू नका, खाली वाकू नका, बसू नका. त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे या आणि त्याला निघून जायला वाट मोकळी ठेवा. गर्दी करून त्याला कोंडलं की घाबरलेलं जनावर माणसातूनच वाट काढतं. बरेचसे जखमी असे "बघायला गेलेले" असतात. व्हिडिओसाठी मागे धावणं म्हणजे त्या शिष्याने हत्तीपुढे स्तुती म्हणण्यासारखंच. कुठे अडकलेला, विहिरीत पडलेला, इमारतीत शिरलेला दिसला तर वनविभागाची हेल्पलाइन १९२६, ती फोनमध्ये आत्ताच सेव्ह करा. अंधार पडल्यावर मुलांना एकटं सोडू नका, आणि रात्रीच्या वाटेवर दोघं-तिघं मिळून, टॉर्च लावून, बोलत जा. मोबाइलवर मोठ्याने अभंग लावला तरी चालतो. (एरवी ट्रेनमध्ये लावता ना, तिथे नको, इथे लावा.)

आणि कुत्र्यांना खायला घालणारे माझे मित्र-मैत्रिणी, तुम्ही रागावाल हे माहितीये. घालू नका असं मी म्हणत नाहीये. दिवसा घाला, समोर उभं राहून संपू द्या, भांडं उचलून घरी न्या, नसबंदीसाठी पालिकेच्या मागे लागा. नामदेव महाराजांच्या गोष्टीकडे मी या निमित्ताने पुन्हा पाहिलं, तेव्हा लाज वाटली. महाराज स्वतःच्या जेवणातली भाकरी घेऊन गेलेल्या त्या एका कुत्र्यामागे स्वतःच्या वाटणीचं तूप घेऊन धावले. मी काय केलं? जे उचलून कचऱ्याच्या डब्यापर्यंत न्यायचा मला कंटाळा आला, ते भिंतीबाहेर ठेवलं आणि त्याला संताचं नाव दिलं. पुढे त्या अन्नाचं काय झालं, ते खाणाऱ्यांचं काय झालं, हे पाहायला मी थांबलोही नाही. ते अन्नदान नव्हतंच. कचरा टाकणंच होतं, फक्त हात जोडून.

तीन आठवड्यांपूर्वी सोसायटीची मीटिंग झाली. मागच्या बाजूला झाकणाचे डबे आले, यावर सगळ्यांचं पटकन एकमत. उरलेलं अन्न रात्री बाहेर न टाकण्यावर थोडी कुरबूर, पण ठरलं. मग मी दिव्याचा विषय काढला, भिंतीच्या बाहेरच्या बाजूला, पायवाटेवर उजेड पडेल असे दोन दिवे. इथे गाडी अडली. "बाहेरची जागा आपली नाही." "वीज बिल मेंटेनन्समधून का?" "एकदा लावला की बाकीच्या मागण्या येतील." पाऊण तास. मला राग आला, आणि राग आल्यावर आठवलं की महिन्यापूर्वी मीही हेच म्हणालो असतो, फक्त जास्त चांगल्या मराठीत. शेवटी एक दिवा मंजूर झाला. खालच्या वस्तीत संडासाच्या दाराशी बल्ब नाही, त्यासाठी वॉर्ड ऑफिसात अर्ज दिलाय. दोनदा जाऊन आलो, तिसऱ्यांदा जायचंय. तो बल्ब लागला की इथे लिहीन.

ज्याने ग्रुपवर पिंजऱ्याची मागणी सगळ्यात जोरात केली होती, त्याच्याशी मी मीटिंगनंतर जिन्यात बोललो. त्याला सहा वर्षांचा मुलगा आहे. तो घाबरलाय, बाकी काही नाही. मी त्याला बिबट्यात देव वगैरे काही सांगितलं नाही. संध्याकाळी सातनंतर मुलं मागच्या बाजूला खेळणार नाहीत आणि तिथे कुणीतरी मोठं माणूस असेल, एवढं आम्ही ठरवलं. पहाटे साडेपाच ते सव्वासहा, पायवाटेच्या टोकापर्यंत टॉर्च घेऊन जायचं आणि कामाला येणाऱ्यांसोबत परत यायचं, अशी पाच जणांची पाळीही लावली. त्यातला एक तो आहे.

मावशींनी पहिल्या दिवशी मला टॉर्च घेऊन उभा पाहिलं तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, "दादा, तुम्हीच घाबरलेले दिसताय." घाबरलेलोच होतो. झाडीत काहीतरी खसफसलं आणि माझ्या तोंडून विठ्ठलाचं नाव जितकं खरं निघालं, तितकं हरिपाठात कधी निघालं नव्हतं. त्यांची मुलगी पुढे चालत होती. तिने मागे वळून मला सांगितलं, टॉर्च खाली नाही, समोर धरायचा.

परवा वसुबारस. सह्याद्रीतल्या कितीतरी आदिवासी पाड्यांवर याच दिवशी वाघबारस असते, गाय आणि वाघ एकाच तिथीला. आमच्या खालच्या वस्तीच्या पुढे पाड्यावर वाघोबाचं ठाणं आहे, मावशींनी बोलावलंय. दिवसा जाणार आहे, आणि नैवेद्याचं जे उरेल ते परत घेऊन येणार आहे.

उद्या एकोणिसावा श्लोक घेऊ. तो याच समत्वाचा पुढचा भाग आहे, पण उद्या पहाटेची टॉर्चची पाळी माझी आहे, त्यामुळे चिंतन जरा उशिरा येईल.

राम कृष्ण हरी.